खेळाचे नियम कोणाच्या हाती?

विटीदांडू, लगोरी, सागरगोटे, पटावरच्या सोंगट्या, हे खेळ कोणी तयार केले, असा प्रश्न आपल्याला लहानपणी कधी पडला नाही. ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न तर कोणाच्या स्वप्नातही आला नसेल. वकट, लेंड, मूंड ही विटीदांडूची मोजणी एका गावात एक, तर चार कोसांवर थोडी निराळी. अंगण लहान असले तर लगोरीची हद्द आखडती घ्यावयाची. धाकटे भावंड रडत आले तर त्याला 'कच्चं लिंबू' म्हणून खेळात घ्यावयाचे. म्हणजे ते बाद झाले तरी बाद नाही! हा नियम खेळणाऱ्यांनी आपल्या सोयीने केला. खेळ त्यांचाच होता, त्यामुळे कोणाची परवानगी काढावी लागली नाही.

आता घरातील मुले संगणकावर किंवा फोनवर जे खेळ खेळतात त्यांच्याकडे पहा. तेथे नियम खेळ विकणाऱ्याचे. पुढची पायरी लवकर गाठायची असेल तर नाणी विकत घ्या, नाही तर थांबून राहा. मध्येच जाहिरात येईल, ती पुरी पाहा. मुलाच्या अधीरपणावर हा धंदा चालतो, आणि त्या अधीरपणाचे बिल आईबापांकडे येते. मुलगा म्हणतो, "बाबा, फक्त शंभर रुपये." बाबांना कळत नाही की हे शंभर रुपये कशाचे, आणि ते दिल्यावर हातात काय आले.

बरे, पैसे देऊन रीतसर विकत घेतलेला खेळ तरी आपला होतो का? एक उदाहरण सांगतो. यूबिसॉफ्ट या कंपनीने २०१४ साली 'द क्रू' नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ विक्रीला काढला. तो चालण्यासाठी कंपनीच्या दूरच्या संगणकाशी सतत जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते संगणक बंद केले, आणि खेळ सगळीकडे बंद पडला. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती त्यांनाही घरी एकट्याने खेळता येईना. विटी हरवली तर दुसरी तासून घेता येते. येथे तासणार काय?

यातून दुसरी वाट आहे, आणि ती पुष्कळ जुनी व चांगली मळलेली आहे. ती वाट वाचकांना दाखवावी, आणि त्या वाटेवरचे सात-आठ खेळ कोणी कोणते घ्यावेत हे नावानिशी सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात, आणि त्यामुळे तिकडे फार घोटाळा होतो. आपल्याकडे सुदैवाने दोन शब्द आहेत: एक 'फुकट' आणि दुसरा 'मुक्त'. फोनवरचे बरेचसे खेळ फुकट असतात, पण ते मुक्त नसतात. संगणकाचा प्रत्येक खेळ ही एक आज्ञावली असते. ती रचणारा माणूस आधी ती माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहितो, आणि मग तिच्यापासून यंत्राला कळेल असे रूप तयार होते. बाजारात मिळते ते बहुधा हे दुसरे रूप. गाण्याची तबकडी हाती यावी, पण त्याचे स्वरलेखन मिळू नये, तसा हा प्रकार आहे. तबकडी ऐकता येते. पण तीवरून चाल बदलायची, एखादी तान कमी करायची, तर ते जमत नाही. मुक्त खेळात तबकडीबरोबर स्वरलेखनही मिळते.

ही कल्पना रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली जाहीर केलेल्या 'ग्नू' या योजनेतून पुढे आली. आज्ञावली वाटेल त्या कामासाठी चालविण्याची, उघडून तपासण्याची, इतरांना वाटण्याची आणि बदल करून पुन्हा वाटण्याची मोकळीक वापरणाऱ्याला असावी, असे त्याचे म्हणणे. १९८९ साली या म्हणण्याला एका परवान्याचे कायदेशीर रूप मिळाले. त्यात एक मोठी खुबीची अट आहे: मला जी मोकळीक मिळाली, तीच मी पुढच्याला दिली पाहिजे. या परवान्याखालची आज्ञावली विकण्यास मनाई नाही, पण विकत घेणाऱ्याचे हात बांधण्यास मात्र मनाई आहे. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' सुरू केले, आणि लवकरच तेही याच परवान्याखाली आणले. संगणक चालू केल्यावर बाकी सगळ्या कामांचा आधार होणारी जी मूळ व्यवस्था असते, ती उभी करण्याचे हे काम. आज जगभरचे हजारो लोक तिच्यात भर घालीत असतात.

"पण लिनक्स म्हणजे इंजिनियर लोकांचं काम, आमच्या घरी कोण बघणार?" ही शंका रास्त आहे, वीस वर्षांपूर्वी ती खरीही होती. आज 'लिनक्स मिंट' किंवा 'उबंटू' यांसारखे तयार संच मिळतात. ते पेन ड्राइव्हवर घेऊन, त्यावरूनच संगणक सुरू करून पाहता येतो. आतल्या डिस्कला हात न लावता पडदा, आवाज आणि इंटरनेट नीट चालते की नाही, हे तासाभरात समजते. पसंत पडले तरच कायमचे बसवावे. आणि बसवण्यापूर्वी आपले फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत, हे विसरू नये.

आजच हा विषय काढण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरोघरच्या कित्येक चांगल्या चालत्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला हवे तसले सुरक्षेचे उपकरण जुन्या यंत्रांत नसते. असा संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याला लिनक्सवर एक संधी द्यावी. ४ जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर लिनक्स मिंट साधारणपणे ठीक चालते, आणि पुढे सांगितलेल्या खेळांपैकी निम्म्याहून अधिक खेळ अशा यंत्रावर खेळता येतात.

खेळ बसवण्याची रीत अगदी सोपी आहे. लिनक्सच्या प्रत्येक संचाबरोबर आज्ञावल्यांचे एक भांडार असते. मिंटमध्ये त्याला 'सॉफ्टवेअर मॅनेजर' म्हणतात. इतरत्र अशाच धर्तीचे नाव असते. ते उघडावे, खेळाचे नाव लिहून शोधावे, 'इन्स्टॉल' वर टिचकी मारावी आणि आपला पासवर्ड द्यावा. बस्स. पैसे भरण्याचा किंवा कार्डाचा आकडा देण्याचा प्रश्नच येत नाही. या भांडारातील माल संच तयार करणाऱ्यांच्या नजरेखालून गेलेला असतो, म्हणून शक्यतो तेथूनच घ्यावा. भांडारातील आवृत्ती कधी कधी जुनी असते. नवीच हवी असेल तर 'फ्लॅटहब' हे दुसरे मोठे भांडार आहे. मिंटमध्ये तेही त्याच खिडकीतून दिसते.

आता खेळांकडे वळू. घरातील प्रत्येकाचे वय आणि आवड निराळी, तेव्हा त्याच क्रमाने पाहू.

घरात दोन ते दहा वर्षांचे मूल असेल तर 'जीकॉम्प्रिस'पासून आरंभ करावा. ब्रूनो कूदँ या फ्रेंच आज्ञावलीकाराने हा २००० साली सुरू केला. 'मला समजले' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव बेतले आहे. यात एक खेळ नसून शंभरावर लहान लहान खेळ आहेत. माऊस हलवला की चौकोन पुसला जातो आणि मागचे चित्र दिसते, इतक्या साध्या खेळापासून बेरीज-वजाबाकी, घड्याळ वाचणे, नकाशातले देश ओळखणे, येथपर्यंत. चूक झाली तर कोणी रागावत नाही, आणि मध्येच जाहिरात येऊन मुलाचे लक्ष पळवीत नाही. याच्या जोडीला 'टक्स पेंट' घ्यावे. बिल केंड्रिक यांनी २००२ साली काढलेली ही चित्रे रंगविण्याची पाटी आहे. कुंचला फिरवला की आवाज होतो, ठसे उमटतात, आणि घरातला कागद व भिंती दोन्ही वाचतात!

भावंडे थोडी मोठी असून एकमेकांशी भांडण्यास कारण शोधत असतील, तर त्यांना 'सुपरटक्सकार्ट' द्यावा. छोट्या गाड्यांची ही शर्यत आहे. टक्स हा लिनक्सचे बोधचिन्ह असलेला पेंग्विन, आणि त्याच्याबरोबर इतर मुक्त आज्ञावल्यांची बोधचिन्हे गाड्या हाकतात. स्टीव्ह बेकर यांच्या 'टक्सकार्ट' या खेळाचे काम थंडावले, तेव्हा इतरांनी ते उचलले आणि २००६ साली नव्या नावाने पुढे चालवले. २०१९ साली १.० ही आवृत्ती निघाली, तेव्हापासून इंटरनेटवरून दूरच्या मित्राशीही शर्यत लावता येते. पण खरी मजा एकाच संगणकासमोर बसून, पडदा विभागून खेळण्यात आहे. याला चित्रे रंगवणारा भाग, म्हणजे ग्राफिक्स, बऱ्यापैकी असलेले यंत्र लागते. गाड्या अडखळत असतील तर खेळाच्या मांडणीत जाऊन चित्रांचा थाट कमी करावा.

आठवी-नववीतल्या, डोके चालवणाऱ्या मुलामुलींसाठी मी पहिले नाव 'बॅटल फॉर वेस्नॉथ' याचे घेईन. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली हा खेळ सुरू केला. षट्कोनी घरांच्या नकाशावर आळीपाळीने सैन्य हलवावयाचे, गावे ताब्यात घ्यावयाची, त्या गावांच्या उत्पन्नातून शिपाई भरती करावयाचे. कोठे उभे राहावे यालाच येथे महत्त्व. साधा मनुष्य शिपाई उघड्या गवतावर उभा असेल तर त्याच्यावरचे शंभरातले साठ वार लागतात. तोच गावाच्या आडोशाला असेल तर चाळीस. काही सैनिकांचा जोर दिवसा पाव हिश्शाने वाढतो आणि रात्री तेवढाच घटतो. काहींचे याच्या उलट. तेव्हा केव्हा पुढे जावे आणि केव्हा माघार घेऊन उजाडण्याची वाट पाहावी, हे ठरवावे लागते. गनिमी काव्याचा धडा ज्या मुलाने इतिहासात नुसता पाठ केला असेल, त्याला तो येथे चांगला समजेल. शिवाय मोहिमेत एका लढाईत तयार झालेले शिपाई पुढच्या लढाईत पुन्हा बोलावता येतात. उगीच वीरश्रीने त्यांना मरायला पाठवले, की पुढच्या लढाईत हातावर हात चोळीत बसावे लागते.

नियम कोणाच्या हाती, हा आपला जो मूळ प्रश्न, त्याचे उत्तर या खेळात स्पष्ट दिसते. प्रत्येक शिपायाची ताकद, किंमत, चाल ही सर्व माहिती साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते. ती कोणत्याही साध्या संपादकात उघडते. एखाद्या मुलाने भालेकऱ्याच्या अंगी थोडे अधिक बळ घातले, फाईल साठवली आणि खेळ पुन्हा सुरू केला, की त्याचा भालेकरी बलवान! कोणी वकिलाची नोटीस पाठवीत नाही. उलट असे फेरफार करून नव्या मोहिमा रचणाऱ्यांना आपली रचना इतरांना देण्यासाठी खेळातच जागा ठेवली आहे. एकाच संगणकावर दोघे आळीपाळीने खेळत असतील, तर आरंभीचे सोने कोणाला किती, हे आधी ठरवता येते. धाकट्याला जास्त सोने द्यावे, म्हणजे झाला कच्च्या लिंबाचा नियम! हा खेळ जुन्या यंत्रावरही चालतो, हा आणखी एक गुण.

ज्यांना लढाईपेक्षा हिशेब आणि मांडणी आवडते, त्यांनी 'ओपन टीटीडी' घ्यावा. हा वाहतुकीचा खेळ आहे. मूळ खेळ, 'ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स', क्रिस सॉयर यांनी रचला आणि तो १९९५ साली विक्रीस आला. तो उलगडून लुडविग स्ट्रिगेयस यांनी २००४ साली ही मुक्त आवृत्ती काढली. आरंभी चित्रे आणि आवाज मूळ खेळातलेच घ्यावे लागत. मग अनेकांनी मिळून नवी चित्रे काढली, नवे आवाज भरले, आणि २०१० साली १.० आवृत्ती निघाली तेव्हा हा खेळ पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभा राहिला. खेळ सुरू होतो तो बहुधा १९५० सालात. हाती कर्जाऊ रक्कम. खाणीतला कोळसा वीजकेंद्राला न्यायचा, एका गावचे उतारू दुसऱ्या गावी पोहोचवायचे. उशीर झाला की भाडे कमी मिळते. गाड्या वाढल्या की एकाच रुळावर दाटी होते, मग सिग्नल कोठे घालावा याचा विचार. लोकलच्या वेळापत्रकाला रोज नावे ठेवणाऱ्या माणसाने हा खेळ एक आठवडा खेळून पाहावा. तो नावे ठेवील, पण समजून ठेवील.

प्राचीन इतिहासाची गोडी असेल आणि घरातला संगणक जरा दमदार असेल, तर '०.ए.डी.' पाहावा. 'झिरो ए.डी.' असे त्याचे नाव उच्चारतात. २००१ च्या सुमारास काही हौशी लोकांनी दुसऱ्या एका विकाऊ खेळातील फेरफार म्हणून याची कल्पना मांडली. पुढे तो स्वतंत्र खेळ झाला, आणि २००९ साली त्याची सगळी आज्ञावली खुली करण्यात आली. वस्ती उभारायची, शेती आणि लाकूड यांची तरतूद करायची, सैन्य जमवायचे. ग्रीक, रोमन, कार्थेजचे लोक यांच्या पंक्तीला २०१३ साली 'मगध' नावाच्या आवृत्तीतून आपले मौर्यही आले. त्यांच्याकडे हत्ती आहेत, आणि चंद्रगुप्त, अशोक व आचार्य चाणक्य हे त्यांचे नायक. २०२५ साली निघालेल्या आवृत्तीचे नाव तर 'अग्नी' असे ठेवले आहे. इमारती आणि शस्त्रे त्या त्या काळाला धरून असावीत यासाठी या मंडळींनी अभ्यास केलेला दिसतो. तरीही हा खेळच आहे. परीक्षेत याचा आधार देऊ नये.

वडील मंडळींना हे युद्ध आणि शर्यती नकोत. त्यांच्यासाठी साइमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह आहे. चाळीसच्या घरात कोडी. आकड्यांची, रेघांची, रंगांची. प्रत्येक कोडे संगणक नव्याने तयार करतो, त्यामुळे कोडी संपत नाहीत. यातला सुरुंग शोधण्याचा खेळ विशेष चांगला. इतरत्र या खेळात शेवटी अंदाजाने टिचकी मारून मरण्याची पाळी येते. येथे पहिल्या टिचकीनंतर केवळ तर्काने सुटेल अशीच मांडणी संगणक देतो. हा संग्रह इतका हलका आहे की अगदी जुना संगणकही त्याला पुरतो.

बुद्धिबळाची गोष्ट तर वेगळीच. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर ज्या घरांत धूळ खात पडलेला पट पुन्हा बाहेर आला असेल, त्यांना सांगण्यासारखी गोष्ट ही, की जगातील अत्यंत बलवान बुद्धिबळपटूंत गणली जाणारी 'स्टॉकफिश' ही आज्ञावली मुक्त आहे. टोर्ड रोमस्टाड यांच्या 'ग्लाउरुंग' या मुक्त आज्ञावलीवरून मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ साली ती काढली. पहिल्याने उघडून दिले, म्हणून दुसरा पुढे गेला. आज मोठमोठे ग्रँडमास्टर जिच्या मदतीने आपले डाव तपासतात, तीच आज्ञावली तालुक्याच्या गावातील मुलीला एक पैसा न देता मिळते. नवशिक्याने मात्र एकदम तिच्या वाटेला जाऊ नये. लिनक्सच्या भांडारात 'ग्नोम चेस' आहे, त्यात सोपी पातळी निवडता येते. आधी तेथे चार डाव जिंकावेत, मग थोरामोठ्यांकडून हरावे.

आरंभी बंद पडलेल्या खेळाची हकीकत सांगितली. आता तिच्या उलट एक हकीकत सांगतो. 'वॉरझोन २१००' हा यंत्रयुद्धाचा खेळ पंपकिन स्टुडिओज या संस्थेने तयार केला आणि तो १९९९ साली बाजारात आला. वर्षभरातच, म्हणजे २००० साली, ती संस्था बंद पडली. व्यवहाराच्या रीतीने खेळही तेथेच संपावयाचा. पण खेळणाऱ्यांनी चिकाटीने मागणी लावून धरली, आणि डिसेंबर २००४ मध्ये खेळाची मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली खुली झाली. तेव्हापासून आजतागायत खेळणारेच तो दुरुस्त करीत आले आहेत, आणि आजच्या लिनक्सवर तो चालतो. तयार करणारी संस्था राहिली नाही, खेळ राहिला. 'द क्रू'ची किंमत मोजणाऱ्यांच्या हाती काय राहिले, ते आपण वर पाहिलेच.

येथवर गुण सांगितले. दोषही सांगितले पाहिजेत. मुलांच्या मित्रमंडळीत ज्या नावाजलेल्या खेळांची चर्चा चालते, ते या यादीत नाहीत, आणि त्यांची तहान या खेळांनी पुरती भागेल असे नाही. मोठ्या कंपन्या चित्रांवर आणि संगीतावर जो पैसा ओततात, तो येथे नसतो. बरेचसे काम लोक फावल्या वेळात करतात. म्हणून काही खेळ वर्षानुवर्षे अपुरे राहतात आणि काहींच्या सूचना तुटक असतात. इंटरनेटवरून दोघांनी खेळायचे तर दोघांची आवृत्ती जुळावी लागते. न जुळल्यास दोघांनीही एकाच भांडारातून नवी घ्यावी. मुक्त खेळांत गोळीबाराचे आणि रक्तपाताचे खेळही आहेत, तेव्हा मुलांच्या हाती देण्यापूर्वी आईबापांनी एकदा स्वतः पाहावे. अनोळखी माणसांशी गप्पा मारण्याची सोय जेथे असेल, तेथे लहान मुलांना एकटे सोडू नये. आणि वेळेचे म्हणाल तर 'एवढी एक गाडी सुरू करतो आणि उठतो' असे म्हणत ओपन टीटीडीपुढे रात्र सरते. हे खेळ खिशात हात घालीत नाहीत, पण घड्याळावर नजर आपली आपणच ठेवावी लागते.

शेवटी एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. ओपन टीटीडी खेळातील सूचना कितीतरी भाषांत पूर्ण भाषांतरित झालेल्या आहेत. मराठीचेही भाषांतर कोणी तरी सुरू केले होते. पण ते अनेक वर्षे अपुऱ्या भाषांतरांच्या कप्प्यातच पडून राहिले. या कामाला आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. 'स्थानक', 'मालगाडी', 'भाडे', 'थकबाकी' हे शब्द ज्याला सुचतात, त्याला हे काम येते. रोज दहा वाक्ये केली तरी पुष्कळ. शाळेतल्या शिक्षकांनी सुट्टीत चार मुलांना घेऊन बसावे, रुळांच्या सांध्याला काय म्हणावे यावर वाद घालावा, मुंबईकर एक शब्द सांगेल, नागपूरकर दुसरा. मालकाचा खेळ असता तर मराठी करावी की नाही हे मालकाने ठरवले असते, आणि मराठीत किती गिऱ्हाईक मिळेल असा हिशेब त्याने आधी केला असता. येथे ते आपण ठरवायचे आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करून पहा. घरातला जुना संगणक पुसून काढा, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून पहा, आणि पसंत पडल्यास बसवून वरच्यापैकी एकच खेळ घ्या. संध्याकाळी घरातील सर्वांत धाकट्या खेळाडूला शेजारी बसवा, आणि पहिल्या डावापुरते त्याला कच्चं लिंबू ठेवा.